गुडघ्याखाली दोन बोटं

डॉक्टर, तुम्हाला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन बसलो. याला काय वाटणार, असं लोक म्हणाले असतील. वाटलं नाही हे खरंच आहे. गाड्या आल्या, मी कापसाचा पुंजका चिमटीत ओढून तार पाहिली, भाव सांगितला, समोरच्यानं मान हलवली, मी आवाज चढवला. दुपारी भाकरी खाल्ली. चव होती की नव्हती ते आठवत नाही, पण खाल्ली पुरी. संध्याकाळी माझा धाकटा भाऊ किसना म्हणाला, "दादा, आज तू हसला कावून?" मी हसलो होतो हे मला ठाऊक नव्हतं.

लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलून राहिले आहेत. तुम्ही कुठं शिकलात, किती जणांना उठवून बसवलंत, साहेबानं डोक्यावरची टोपी कशी काढली. ते सगळं मी त्यांच्यावर सोडतो. त्यांना ते छान जमतं. माझं तुमच्याशी एक भांडण होतं आणि ते मिटायच्या आत तुम्ही उठून गेलात. चालू बोलणी सोडून उठून जाणाऱ्याला आमच्या बाजारात काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. मी ते इथं लिहीत नाही. बाकीचं लिहितो.

तुम्ही पहिल्यांदा माझ्या दुकानात आलात ते धोतरं मागायला. जुनी, फाटकी. मला वाटलं, हा पुण्याकडचा बामण भिक्षुकीला निघाला आहे. मग तुम्ही सांगितलंत की अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात नवीन आलेला नेटिव्ह डॉक्टर तो तुम्हीच, आणि जखमांवर बांधायला पट्ट्या नाहीत. त्या सालात कापड इतकं महाग झालं होतं की घरोघरी ठिगळावर ठिगळ चढत होतं आणि चिंधीसुद्धा कोणी टाकत नव्हतं. बाजारात कापसाच्या राशी माणसाच्या कमरेएवढ्या, आणि तुमच्याकडे माणसाच्या पायाला गुंडाळायला हातभर कापड नाही. मी तुम्हाला कापसाचा भाव सांगायला लागलो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मी धोतर मागतोय, सौदागर, रास नाही."

तेव्हापासून मी तुमचा सौदागर झालो. मी धोतरं दिली, पण फुकट नाही. माझ्या मानेवर गळू झालं होतं, ते कापून घेतलं. तुम्ही सुरी तापवत होता आणि मी चीर लहान ठेवा, लहान ठेवा म्हणून मागं लागलो होतो. तुम्ही म्हणालात की हे अंग आहे, इथं घासाघीस चालत नाही. मी म्हटलं, सगळीकडं चालते. चीर तुम्हाला हवी तेवढीच मारलीत. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

पुढं तुम्ही बाजारात वरचेवर येऊ लागलात आणि आमचे हात बघत उभे राहू लागलात. वाचणाऱ्यांत कोणी पुण्यामुंबईचा असेल तर त्याच्यासाठी सांगतो. आमच्यात भाव तोंडानं ठरत नाही. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि आतून बोटं धरायची. एक धरलं तर एक, दोन धरली तर दोन, पंजा धरला तर पाच. भोवती गर्दी असली तरी कोणाला काही कळत नाही. शेवटी समोरच्यानं तेवढीच बोटं उलट दाबली की सौदा झाला. मग भाव चढो की पडो. कागदावर लिहिलेलं लोक फिरवतात, वकील लावतात, कोर्टात जातात. दुपट्ट्याखाली दाबलेलं बोट मी अजून कोणाला फिरवताना पाहिलेलं नाही. माझ्या बापाच्या नावावर एक गाडी आणि दोन बैल होते. आज अमरावतीत माझी अडत आहे, ती या दाबलेल्या बोटांवर उभी आहे. कोणी मोठ्या घरात जन्मला म्हणून त्याची बोटं जास्त खरी नसतात.

तुम्ही हे लवकर शिकलात. एका कापडवाल्याशी चिंध्यांचा सौदा केलात तेव्हा मी शेजारी उभा होतो. दुपट्टा काढल्यावर तुम्ही लहान पोरासारखे खूश झाला होता. मी विचारलं कितीला ठरलं, आणि तुम्ही सांगितल्यावर मी तुम्हाला भर रस्त्यात शिव्या दिल्या, कारण तेवढ्यात नवं लुगडं आलं असतं. तुम्ही म्हणालात, "पण शब्द दिला की हो आता." तो शब्द तुम्ही पाळलात. हे मी लिहून ठेवतो, कारण पुढच्या भांडणात ते माझ्या बाजूचं आहे. तुम्हाला हा रिवाज माहीत होता. नीट माहीत होता.

आणखी एक गोष्ट तुम्ही तेव्हा म्हणाला होता. सातासमुद्रापलीकडं कुठं तरी गोऱ्या लोकांची आपसात लढाई लागली म्हणून आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. तुम्ही म्हणालात की तिकडं गोळी सुटते आणि तुमची तिजोरी भरते, इकडं सुटली की माझ्या खाटा भरतात. आपण दोघं एकाच धंद्यात आहोत. मला राग आला होता. तिजोरी मी रात्रंदिवस राबून भरली होती, कोणाच्या गोळीनं नाही. आज तेवढा राग येत नाही. आज कशाचाच येत नाही, तो भाग वेगळा.

मग त्या हिवाळ्यात दक्षिणेकडच्या डोंगरातून हत्यारबंद टोळ्या खाली उतरल्या आणि त्यांच्या मागं पलटण लागली. अकोल्याला जखमी येऊ लागले. तिथला मोठा डॉक्टर साहेब पलटणीबरोबर डोंगरात गेला, म्हणून तुम्हाला अमरावतीहून अकोल्याला नेलं. मी तुम्हाला निरोप द्यायलाही आलो नाही. हंगाम होता. माझ्या गाड्या मूर्तिजापुरावरून अकोल्याला आणि तिथून पुढं बाळापुराकडं जात होत्या, आणि गाड्यांबरोबर किसना होता. चालण्यात त्याला जोड नव्हती. बैल दमायचे, तो दमायचा नाही.

बाळापुराच्या अलीकडं माझ्या गाड्या दोघांच्या मध्ये सापडल्या. एका अंगाला टोळी, दुसऱ्या अंगाला शिपाई. किसना गाडीखाली शिरत असताना गोळी त्याच्या नडगीत गेली. रस्ता मोकळा होईपर्यंत गाडीवानांनी त्याला तुरीच्या शेतात लपवून ठेवलं होतं, पायाला पागोटं बांधून. अकोल्याला आणेस्तोवर पायाचा वास यायला लागला होता. मला अमरावतीत निरोप मिळाला तेव्हा मी एका मोठ्या सौद्यात होतो. तो सोडून उठलो. आयुष्यात तेवढा एकच.

तुमचं इस्पितळ म्हणजे एक लांब पडवी आणि तिच्यात दाटीनं लावलेल्या खाटा. शिपाई, गाडीवान, टोळीतले पकडलेले लोक, सगळे एका रांगेत. चुन्याचा, रक्ताचा आणि जळक्या शेणाचा वास. तुमच्या अंगावरचं धोतर ओळखू येत नव्हतं. तुम्ही एका शिपायाच्या खांद्यात बोट घालून गोळी शोधत होता आणि दुसऱ्या हातानं मला थांबायची खूण केलीत. मी थांबलो. मला थांबवणारे लोक फार नाहीत.

किसनाच्या पायातून काढलेली गोळी तुम्ही मला दाखवलीत. मी विचारलं, ही कोणाची, टोळीची की पलटणीची? मला नुकसानीचा दावा कोणावर लावायचा ते ठरवायचं होतं. तुम्ही म्हणालात, "शिसं आहे. दोन्हीकडं शिसंच असतं." आणि मग लगेच, त्याच आवाजात, की पाय मांडीतून काढावा लागेल.

मी काय काय बोललो ते तुम्हाला आठवत असेल. नडगी फुटली आहे तर मांडी कशाला. गुडघा ठेवा. गुडघा राहिला तर माणूस खाली बसतो, पंगतीत मांडी घालून जेवतो, घोड्यावर बसतो, लाकडाचा पाय बांधून चालतो. त्याची सोयरीक ठरली होती. पोरीचा बाप लंगडा जावई एक वेळ करून घेईल, पण अर्धा? तुम्ही माझं सगळं ऐकलंत आणि शेजारच्या खाटेकडं मान वळवलीत. तिथं टोळीतला एक जवान पडला होता, पायाला साखळी, पण साखळी एकाच पायाला, कारण दुसरा गुडघ्याखाली नव्हता. तुम्ही हळूच सांगितलंत की यानंही हात जोडले म्हणून त्याचा गुडघा ठेवला, आणि आता सडका भाग वर चढतो आहे, हा जाणार.

मी म्हटलं, "तो दरोडेखोर हाये, डाक्टर. हा माहा भाऊ हाये."

"हाड एकच आहे," तुम्ही म्हणालात.

किसनाचे डोळे उघडे होते. तो छताकडं बघत होता, पण ऐकत होता. म्हणून मी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि तुमच्या हातावर टाकला. मला दुसरं काही येत नाही, डॉक्टर. कोणी देवापुढं हात जोडतो, मी दुपट्टा टाकतो. आतून मी तुमच्या हाताची चार बोटं धरली. गुडघ्याखाली चार बोटं सोडून कापा. तुम्ही हात सोडवून घेतलात. मी परत धरला. तीन. तुमचा हात गार होता आणि चिकट होता. तुम्ही माझ्याकडं पाहिलं नाहीत, किसनाकडं पाहत होता. मी दोन बोटं धरली. गुडघ्याखाली दोन बोटं, यापेक्षा कमीवर मी येणार नव्हतो आणि ते तुम्हाला कळलं होतं. आणि मग तुम्ही माझी दोन बोटं दाबलीत.

दाबलीत, डॉक्टर. मला ते आजही हातात कळतं. मी दुपट्टा उचलला, किसनाच्या कपाळावर हात ठेवला आणि बाहेर जाऊन लिंबाखाली बसलो. माझा सौदा झाला होता. मला हलकं वाटत होतं. तुम्ही त्याला ती गुंगीची दवा हुंगवलीत. आतून करवतीचा आवाज आला तेव्हाही मी बसून होतो, कारण बोलणं झालेलं होतं.

मला आत बोलावलंत तेव्हा त्याच्या अंगावर चादर होती. गुडघा जिथं असायचा तिथं चादर सपाट होती.

मी तुम्हाला मारायला धावलो. दोन शिपायांनी मला धरलं, त्यांतल्या एकाचा स्वतःचाच हात गळ्यात बांधलेला होता. तुम्ही मागं सरला नाहीत. हात धुवत उभे राहिलात. मी ओरडत होतो की यानं बोटं दाबली होती, आणि खाटांवरचे लोक माझ्याकडं वेडा असल्यासारखं बघत होते, कारण बोटं दाबणं म्हणजे काय ते त्यांच्यातल्या कोणाला माहीत नव्हतं. शेजारच्या खाटेवरचा तो टोळीवाला दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. त्याला न्यायला कोणी आलं नाही. किसनाचा ताप उतरला.

तो जगला. हे मी मान्य करतो, नेहमीच करत आलो. आमच्या भांडणात हा मुद्दा कधी नव्हताच, जरी तुम्ही सगळ्यांना तो तसाच दाखवत होता.

टोळ्या पांगल्यावर तुम्ही अमरावतीला परत आलात आणि आपण पुन्हा एका गावात राहू लागलो. मी बाजारात उघड सांगत होतो की डॉक्टरचा हात सुरीसाठी चांगला, सौद्यासाठी नाही. लोकांनी तुमच्याशी दुपट्ट्याखाली बोलणं बंद केलं. चिंध्यासुद्धा तुम्हाला रोख तोंडी भावानं घ्याव्या लागत. तुम्ही तक्रार केली नाहीत. रस्त्यात दिसलात की मी दोन बोटं वर करायचो. तुम्ही नमस्कार करायचात, जणू मीही तेच केलं होतं.

किसनाची सोयरीक मोडली. मी म्हणत राहिलो की गुडघा असता तर मोडली नसती. तुम्ही एकदा म्हणालात की पोरीच्या बापाशी सौदागरानं किती घासाघीस केली ते साऱ्या गावानं ऐकलं आहे, कदाचित तो जावयाला नाही, व्याह्याला घाबरला असेल. किसना तेव्हा हसला. तुमच्या बाजूनं हसला. मला ते लागलं. मला हेही समजत नव्हतं की ज्यानं पाय नेला त्याच्याकडं हा दर सोमवारी कुबडी टेकत जातो कशाला. म्हणे पायाचा खुंट दाखवायला. खुंट दाखवायला इतका वेळ लागत नाही. तुम्ही दोघं ओसरीवर सोंगट्या खेळत बसायचात. तो गाड्यांबरोबर चालू शकत नव्हता म्हणून मी त्याला कापूस पाहायला बसवला होता, आणि आता नांदगाव पेठेपासूनचे लोक त्याच्या बोटांनी ओढलेल्या तारेवर माल देतात. ते मी त्याला शिकवलं. पण घरी आला की तो तुमच्याच गोष्टी सांगायचा.

एकदाच मी तुम्हाला नीट विचारलं. तुमच्या ओसरीवर, किसना आत पाणी प्यायला गेला होता. मी म्हटलं, मला एवढंच सांगा. नाही म्हणायचं होतं तर नाही म्हणायचं. हात सोडवून घ्यायचा. दाबली कशाला?

तुम्ही सोंगट्या गोळा करत म्हणालात, "सौदा झाल्याशिवाय तुम्ही तिथून उठला नसता. आणि मला वेळ नव्हता."

मी म्हटलं, हे उत्तर नाही. तुम्ही म्हणालात, "नसेल. मग राग ठेवा. कुठंतरी ठेवावाच लागतो, तर माझ्याकडं ठेवा. मी सांभाळीन." तेवढ्यात किसना बाहेर आला आणि तुम्ही डाव मांडायला घेतलात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. असल्या गोड बोलण्यानं मला कोणी गुंडाळलेलं मला खपत नाही. मी पुन्हा तुमच्या ओसरीवर आलो नाही.

आलो तो अगदी शेवटी.

यंदा तिकडची लढाई थांबली म्हणतात आणि आमचा बाजार एका झटक्यात बसला. इकडं मात्र डोंगरात पुन्हा कुठंशी चकमक झाली आणि जखमी शिपाई अमरावतीला आणले. त्यांतल्या एकाच्या मांडीत बोट घालून गोळी शोधताना फुटक्या हाडाचा काटा तुमच्या बोटात गेला. उजव्या हाताच्या, पहिल्या. किसनानं मला सांगितलं तेव्हा मी हिशोबात होतो. काटा गेला तर काढतील, म्हटलं. मग त्यानं सांगितलं की हात दंडापर्यंत सुजला आहे आणि मोठ्या डॉक्टर साहेबाला बोलावलं आहे. तेव्हा मी आलो.

तुम्ही उशीला टेकून बसला होता. तुमचा हात आता हातासारखा दिसत नव्हता. साहेब त्याच्या मोडक्या हिंदुस्थानीत सांगत होता की कोपराच्या वर कापू, आज, आत्ता. आणि तुम्ही, डॉक्टर, तुम्ही त्याच्याशी घासाघीस करत होता. आधी फक्त बोट काढा. मग मनगटापासून बघू. दोन दिवस थांबा, पोटीस लावा, सूज उतरेल. मी दारात उभा राहून ऐकत होतो आणि मला माझेच शब्द ऐकू येत होते, फक्त पुणेरी.

तुम्हाला मी दिसलो. तुम्ही म्हणालात, "उजवा आहे हो, सौदागर. उजव्याशिवाय मी काय करणार?"

मी तिथं तुम्हाला सगळं परत देऊ शकलो असतो. शेजारची खाट, हाड एकच आहे, सगळं. इतकी वर्षं मी ते जिभेवर घेऊन फिरत होतो. मी म्हटलं, "पहा, विचार करा." हे शब्द मी कुठल्या सौद्यात कधी वापरले नव्हते. साहेब भला माणूस. तुम्ही स्वतः डॉक्टर, म्हणून त्यानं तुमच्या शब्दाला मान दिला आणि बोट काढलं. मग मनगट काढलं. कोपरापर्यंत पोचेस्तोवर कापायला काही अर्थ उरला नव्हता.

नाल्याकाठच्या मसणात तुमच्या लोकांत आम्ही दोघं मागं उभे होतो. किसना कुबडीवर सगळी वाट चालला. मी त्याला गाडीत बस म्हणालो, त्यानं ऐकलं नाही. परत येताना तो मध्येच रस्त्याच्या कडेला एका दगडावर टेकला. मला वाटलं दमला. तो म्हणाला, "दादा, आता त्याईच्यावर राग नोको ठेवू. पाय तोडा म्हून म्याच सांगतलं होतं."

मी विचारलं, कधी.

"तू येन्याच्या आधी. त्याईनं मले आधीच इचारलं होतं. म्या म्हटलं, तोडा. पन माहा दादा येऊन राहिला, तो सौदा करीन. त्याले नाही म्हनू नका, तो ऐकनार नाही आन् भांडनात दिवस जाईन. करू द्या त्याले. तुमी हो म्हना आन् तोडा."

तो पुढं बोलत राहिला. तुम्ही आधी तयार नव्हता, म्हणे. शब्द दिला की तो पाळावा लागतो, मी त्यांचा रिवाज शिकलो आहे, असं म्हणालात. मग किसना तुम्हाला म्हणाला की माझ्या भावाला कळलं की मीच पाय देऊन टाकला, तर तो जन्मभर माझ्यावर चिडून राहील, आणि आम्हाला एकाच घरात राहायचं आहे. त्यावर तुम्ही कबूल झालात. म्हणजे मी दुपट्टा टाकला तेव्हा तुम्ही किसनाकडं पाहत होता, ते यासाठी. त्यानं डोळ्यानं हो म्हटलं असणार.

मी त्याला विचारलं, मग इतकी वर्षं सांगितलं कावून नाही. तो म्हणाला, "डाक्टर म्हने, सौदागराले थंड व्हाले वर्षभर लागंल, मंग सांगू. मंग वर्ष झालं. मंग तुले सवयच झाली." आणि तो रडायला लागला. मी त्याची कुबडी धरून उभा राहिलो.

घरी आलो, आंघोळ केली, जेवलो. मला तेव्हाही काही वाटलं नाही. नुसता हिशोब मनात चालू राहिला, तो चालूच असतो. आमच्या धंद्यात मालकाशी बोलणं झालं असेल तर दलालाशी झालेलं धरत नाहीत. पाय किसनाचा होता. तुमचा सौदा माझ्याआधी त्याच्याशी झाला होता आणि तो तुम्ही पाळलात. मी मध्यस्थ. मला कोणी नेमलंही नव्हतं. एवढं साधं गणित, आणि ते मांडून द्यायला तुम्हाला चार शब्द लागले असते, आणि ते चार शब्द तुम्ही खर्च केले नाहीत, कारण मग रात्री माझ्या घरात दोन ताटं वेगळी लागली असती. मी तुम्हाला बाजारात लबाड ठरवलं आणि तुम्ही नमस्कार करत राहिलात. आभार मानायचे म्हणतात अशा वेळी. मला ते येत नाहीत. कधी मानले नाहीत, म्हणून हात बसलेला नाही.

एकच गोष्ट मला आता सोडत नाही. किसनानं हे मला महिनाभर आधी सांगायला हवं होतं. मग त्या दिवशी मी दारात उभा राहिलो नसतो. आत आलो असतो, तुमच्या डाव्या हातावर दुपट्टा टाकला असता आणि तुमच्याशी बसून नीट भाव केला असता. तुम्ही एक बोट म्हणाला असतात, मी मनगट म्हटलं असतं, तुम्ही चिडला असतात, मी वर गेलो असतो, खाली आलो असतो, आणि शेवटी तुम्हाला हवं तेवढ्यावर तुमची बोटं दाबली असती. मी, ज्यानं आजवर दाबलेलं बोट फिरवलेलं नाही. मग बाहेर येऊन साहेबाला सांगितलं असतं की खांद्याजवळून कापा, आत्ताच्या आत्ता. तुम्ही जागे झाला असतात, चादरीकडं पाहिलं असतंत, आणि पुढं आयुष्यभर ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं असतंत की हा माणूस लबाड आहे, याच्या बोटांवर विश्वास ठेवू नका.

मला ते चाललं असतं.